दोन शून्ये आणि पहाटे तीनचे टपाल

संगणकाच्या इतिहासावरील या धाग्यात आज एका ओळीविषयी लिहितो आहे.

फ्रीबीएसडी ही युनिक्सच्या कुळातील, बर्कली विद्यापीठाच्या शाखेतून आलेली कार्यप्रणाली. ती रोज पहाटे ३ वाजून १ मिनिटाने स्वतःची झाडाझडती घेऊ लागते आणि सुरक्षा-तपासणीचा अहवाल यंत्राच्या व्यवस्थापकाला ईमेलने धाडते. त्या अहवालात शून्य क्रमांकाच्या खात्यांचा एक रकाना असतो. त्याखाली दोन ओळी : रूट, शून्य. टूर, शून्य.

पहिले नाव या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक असते. रूट म्हणजे सुपरयूजर, यंत्राचा सर्वाधिकारी. दुसरे नाव दिसले की नवख्या व्यवस्थापकाच्या पोटात गोळा येतो. सर्वाधिकारी दोन कसे? हा दुसरा केव्हा आला, कोणी आणला? त्यात नावही संशयास्पद : ‘रूट’ची रोमन अक्षरे उलटीकडून लिहिली की ‘टूर’ होते. चोराने खोटे नाव घ्यावे तर असेच घेईल. (किराणा दुकानातील तूरडाळीच्या पाकिटावर रोमन लिपीत नेमकी हीच चार अक्षरे असतात. तो विनोद मी आजवर इतक्यांदा ऐकला आहे की आधीच नोंदवून मोकळा होतो.)

मला ही ओळ समजावून सांगावी लागली ती एका चौकशीत. २००४ साली पुण्यातील एका संस्थेचा मेल सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले. जाताना त्यांनी रीतसर कार्यभार सोपवला, पासवर्ड बंद लिफाफ्यात दिले. रोजचा अहवाल त्यांच्याऐवजी कार्यालय अधीक्षकांकडे येऊ लागला. अधीक्षक सावध वृत्तीचे. इतकी वर्षे एकाच माणसाने वाचलेले ते पत्र त्यांनी पहिल्याच दिवशी अखेरपर्यंत वाचले आणि दुसऱ्या शून्यापाशी थबकले. गेलेल्या माणसाने परत येण्यासाठी चोरवाट ठेवली आहे, असा निष्कर्ष निघाला. त्यांचा शेवटचा पगार अडला, अनुभवाचा दाखला अडला. नव्या ठिकाणी दाखल्यावाचून रुजू करून घेत नव्हते. तीन जणांची समिती बसली आणि बाहेरचा जाणकार म्हणून मला बोलावणे आले.

समितीचा पहिला प्रश्न शून्याविषयी नव्हताच. “हा चार्ली कोण?”

अहवाल पाठवणाऱ्याच्या जागी ‘चार्ली रूट’ असे नाव छापलेले असते. समितीने हजेरीपट तपासला होता. चार्ली नावाचा कोणी नव्हता. मी सांगितले की ही बर्कलीची जुनी गंमत आहे. खात्याच्या नोंदीत पूर्ण नावाच्या रकान्यात ‘चार्ली’ आणि त्यापुढे ‘आणि’चे चिन्ह एवढेच असते, त्या चिन्हाच्या जागी मेलचा प्रोग्राम खात्याचे नाव भरतो. चार्ली रूट नावाचा एक खराखुरा पिचर शिकागो कब्ज या बेसबॉल संघाकडून खेळत असे. १९३२च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बेब रूथने ज्याच्या चेंडूवर गाजलेला होमरन मारला, तोच तो. समितीच्या इतिवृत्तात याची नोंद कशी केली, मला कल्पना नाही.

“म्हणजे या नावाचा माणूसच नाही?”

“नाही, साहेब. आणि तसे पाहिले तर रूट नावाचाही नाही.”

इथून खरा इतिहास सुरू होतो. १९६९ साली न्यू जर्सीतील मरी हिल येथे बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची जुळवाजुळव आरंभली. एका यंत्रावर अनेकांनी काम करायचे, तर कोणाची फाइल कोणी वाचावी हे यंत्राला कळले पाहिजे. त्यांनी प्रत्येक वापरकर्त्याला क्रमांक दिला. यंत्राचा गाभा फक्त हा क्रमांक ओळखतो. नावे माणसांच्या सोयीसाठी एका साध्या फाइलीत लिहिलेली असतात : अमुक नाव, अमुक क्रमांक. तिथे एकाच क्रमांकापुढे दोन नावे लिहिली तर गाभ्याच्या लेखी तो एकच माणूस. म्हणून रूट आणि टूर हे दोन सर्वाधिकारी नव्हेत. एकाच घराला दोन दारे आहेत, इतकेच.

आणि शून्याला विशेष अधिकार ‘दिलेले’ असतात असेही म्हणता येत नाही. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत यासाठी एक इवलासा प्रोग्रामखंड आहे. त्याचा आशय असा : मागणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे का? असेल तर होकार दे. नसेल तर परवानगी नसल्याची खूण करून नकार दे. फाइल वाचता येईल का, लिहिता येईल का, हे पाहणारा भागही क्रमांक शून्य दिसला की मालक कोण, गट कोणता, हे प्रश्न विचारतच नाही. एक अपवाद मात्र आहे आणि तो मला फार आवडतो : फाइल प्रोग्राम म्हणून चालवायची असेल, तर ती चालवण्याची मुभा निदान कोणाला तरी दिलेली असली पाहिजे, कोणालाच नसेल तर शून्यालाही नकार. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी १९७७च्या सुमारास ही संपूर्ण संहिता टीकेसह विद्यार्थ्यांपुढे ठेवली. परवान्याच्या अटींमुळे ते पुस्तक रीतसर प्रसिद्ध व्हायला १९९६ साल उजाडले. मधल्या काळात त्याच्या छायाप्रतींच्या छायाप्रती जगभर फिरल्या. मी शिकलो ती प्रत इतकी फिकट होती की स्वल्पविराम आणि पूर्णविराम अंदाजाने वाचावे लागत.

तर रूट म्हणजे तपासणीला ठेवलेले एक भोक. हे समितीला पटले, पण आवडले नाही. “इतके मोठे भोक कशाला ठेवायचे?”

कारण कोणीतरी डिस्क जोडली पाहिजे, कोणीतरी नवे खाते उघडले पाहिजे, बिघडलेले यंत्र दुरुस्त केले पाहिजे. दुरुस्त करणाऱ्याला पदोपदी परवानगी मागावी लागली आणि परवानगी देणारी यंत्रणाच बिघडलेली असली, तर सगळेच अडते. गंमत अशी की सामान्य वापरकर्त्यालाही हे अधिकार क्षणभर लागतात. स्वतःचा पासवर्ड बदलायचा तर ज्या फाइलीत लिहायचे ती असते शून्याच्या मालकीची. त्यावर रिचींनी काढलेली युक्ती अशी : काही निवडक प्रोग्रामांवर खूण करायची, म्हणजे कोणीही ते चालवले तरी चालतात ते प्रोग्रामच्या मालकाच्या क्रमांकाने. हिला ‘सेट-यूआयडी’ म्हणतात. तिच्यासाठी १९७३ साली पेटंटचा अर्ज झाला, १९७९ साली पेटंट मिळाले आणि पुढे ते लोकांना खुले करण्यात आले. कल्पना सुरेख होती. पण आता खूण केलेला प्रत्येक प्रोग्राम शून्याकडे जाणारी एक पाऊलवाट झाला, आणि यंत्र निर्धोक राहायचे तर त्यातील प्रत्येक प्रोग्राम निर्दोष असणे भाग पडले.

पासवर्डाविषयी मला थोडेच सांगायचे होते. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९च्या एका निबंधात ३,२८९ पासवर्डांची पाहणी मांडली आहे; त्यांतील २,८३१, म्हणजे ८६ टक्के, एक तर फार आखूड होते, नाही तर केवळ अक्षरांचे वा शब्दकोशात सापडणारे. त्याच निबंधातील पद्धतीमुळे युनिक्समध्ये पासवर्ड उघडा साठवला जात नाही. त्याचे एकदिशा रूपांतर साठवतात. त्या रूपांतरात तारांकन हे चिन्ह कधीच येत नाही. म्हणून एखाद्या खात्यापुढे पासवर्डाच्या जागी तारांकन असेल, तर जगातील कोणताही पासवर्ड तिथे जुळत नाही. त्या संस्थेच्या यंत्रावर टूरच्या नावापुढे तारांकन होते. दार भिंतीत होते खरे, पण कुलपाला किल्लीच घडवलेली नव्हती. (पासवर्डाविना, इलेक्ट्रॉनिक किल्लीने आत येण्याची सोयही मी पाहिली. तसे प्रवेशपत्र कोणाचेही नव्हते आणि शून्याला बाहेरून थेट येण्याची मुळात बंदी होती.)

समितीत लेखा विभागाच्या एक बाई होत्या. संगणकाशी त्यांचा संबंध हिशेबापुरता. त्यांनी विचारलेला प्रश्न त्या दिवसातला सर्वांत मर्मावरचा होता. “शून्यवाल्याला सगळे करता येते म्हणता. मग चोरवाट वापरून झाल्यावर तुमचे ते तारांकनही तोच पुन्हा लिहू शकेल, आणि आल्या-गेल्याची नोंदही पुसू शकेल. यंत्राने दिलेली साक्ष तुम्ही कशी मानता?”

मी त्यांना क्लिफर्ड स्टोल यांची हकीकत सांगितली, आणि ती मी आजही सगळ्यांना सांगतो.

स्टोल मूळचे खगोलशास्त्रज्ञ. १९८६च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक विभागात ते नुकतेच रुजू झाले होते. यंत्रवेळेच्या बिलात ७५ सेंटची तफावत येत होती, ती शोधण्याचे काम नव्या माणसाच्या गळ्यात पडले. बाईंनी इथे मान डोलावली. लेखा विभागात काही पैशांची तफावत रुपयांच्या तफावतीपेक्षा अधिक त्रास देते. स्टोल यांना आढळले की एका अनोळखी खात्याने यंत्र वापरले आहे. पुढे उलगडले ते असे. त्या यंत्रांवर जीएनयू ईमॅक्स नावाचा लेखन-प्रोग्राम होता. त्याच्या सोबत टपाल इकडून तिकडे हलवणारा एक छोटा प्रोग्राम येई, आणि तिथे तो सेट-यूआयडीची खूण लावून, शून्याच्या अधिकाराने बसवलेला होता. तो टपालच हलवतो आहे की आणखी काही, हे पाहत नव्हता. घुसखोराने त्याच्याकरवी स्वतःचा प्रोग्राम यंत्राच्या अंतर्भागात नेऊन ठेवला, तोही अशा प्रोग्रामच्या जागी जो यंत्र स्वतः दर ५ मिनिटांनी शून्याच्या अधिकाराने चालवत असे. पाच मिनिटे थांबायचे, की यंत्र आपण होऊन त्याला सर्वाधिकारी करी. दुसऱ्याच्या घरट्यात अंडे घालून त्याच्याकडून उबवून घ्यायचे. आपल्याकडे कोकिळा कावळ्याला हेच करायला लावते. स्टोल यांनी १९८९च्या आपल्या पुस्तकाचे नावही त्यावरूनच ठेवले.

पण बाईंच्या प्रश्नाचे उत्तर पुढे आहे. घुसखोर सर्वाधिकारी झाला होता. आत आला की आधी तो पाही, व्यवस्थापकांपैकी कोणी जागे आहे का. यंत्रावरच्या नोंदी तो बदलू शकत होता. पहारा ठेवणारा प्रोग्राम लावला असता तर तोही त्याला दिसला असता. म्हणून स्टोल यांनी एका शनिवार-रविवारी प्रयोगशाळेतले छपाईयंत्र दिसेल ते गोळा केले आणि बाहेरून येणाऱ्या सुमारे ५० तारांना एकेक जोडले. तारेवरून जाणारे प्रत्येक अक्षर कागदावर उमटू लागले. यंत्राच्या आत शून्य क्रमांक म्हणजे परमेश्वर. पण बाजूच्या खोलीत कागदावर पडलेली शाई पुसण्याची आज्ञा त्याला देता येत नव्हती. त्या कागदांच्या भेंडोळ्यांवरून माग काढत काढत वाट जर्मनीतील हॅनोव्हर शहरातल्या मार्कुस हेस या तरुणापर्यंत पोहोचली. तो हाती लागलेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकणाऱ्या टोळीतला निघाला. स्टोल यांच्या नोंदीनुसार त्याने सुमारे ४५० संगणकांची दारे ठोठावली आणि ३०हून अधिक उघडली.

म्हणून बाईंना मी म्हणालो की तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे; या यंत्राची साक्ष यंत्राबाहेरूनच काढू. संस्थेच्या तिजोरीत दोन वस्तू होत्या. एक, यंत्र बसवताना वापरलेल्या मूळ सीडी. दुसरी, बॅकअपची एक टेप, तीही ते गृहस्थ कामावर लागण्याच्या आधीच्या वर्षाची. सीडीवर एकदा छापलेले पुन्हा लिहिता येत नाही, मग क्रमांक शून्य असो की शंभर. यंत्र त्याच्या स्वतःच्या डिस्कवरून सुरू न करता मी सीडीवरून सुरू केले, म्हणजे डिस्कवर कोणी अंडे घातले असते तरी ते उबवले गेले नसते, आणि सीडीवरची खात्यांची मूळ फाइल सर्वांसमोर उघडली. टूर तिथे होता. शून्य क्रमांक, तारांकन, सगळे तसेच. टेपवरही होता. मग मुख्य प्रोग्राम एकेक करून सीडीवरील प्रतींशी ताडून पाहिले, सेट-यूआयडीची खूण असलेल्या फाइलींची यादी टेपवरच्या यादीशी लावून पाहिली. या कामात दुपार गेली. चहा दोनदा आला.

आता, मुळात टूर तिथे का? कथा शेलची आहे. शेल म्हणजे आज्ञा वाचणारा प्रोग्राम. बेल प्रयोगशाळेतील स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९च्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला. त्याच सुमारास बर्कलीत बिल जॉय यांनी सी शेल रचला होता. बर्कलीने रूटला आपला सी शेल दिला. ज्यांचा हात बोर्न शेलवर बसला होता त्यांच्यासाठी टूर हे जोडखाते ठेवले, आणि त्याच्या पूर्ण नावाच्या रकान्यात ‘बोर्न-अगेन सुपरयूजर’ असे लिहिले : बोर्न यांचे नाव आणि पुनर्जन्म, एका शब्दात दोन्ही. पुढे फ्रीबीएसडीत त्याला अधिक व्यावहारिक उपयोग सापडला. हौसेने बसवलेले नवे शेल ज्या भागात राहतात, तो भाग डिस्कच्या वेगळ्या विभागावर असू शकतो. रूटला असा शेल दिला आणि तो विभागच एखाद्या रात्री जोडला गेला नाही, तर दुरुस्तीला येणारा रूट उंबऱ्याबाहेर राहतो. म्हणून रूटचा शेल बदलू नये. हौस करायची तर टूरच्या नावावर करावी. ज्या ओळीवरून चोरीचा आळ आला, ती घरमालक बाहेर अडकू नये म्हणून लिहिलेली होती.

माझा लेखी अभिप्राय दीड पानांचा होता. महिनाभराने त्या गृहस्थांना दाखला मिळाला, पगारही. दिलगिरीचे पत्र गेले नाही. अधीक्षकांवर मी राग धरला नाही आणि आजही धरत नाही. अहवाल वाचणारा माणूस न वाचणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा. मला खटकले ते हे की त्यांनी आधी माणसाला आरोपी ठरवले आणि ओळीचा अर्थ नंतर विचारला. तोवर नव्या ठिकाणची जागा हातची जायची वेळ आली होती.

अभिप्रायाच्या शेवटी मी वेगळीच एक गोष्ट लिहिली. खरा धोका टूरमध्ये नव्हता, त्या बंद लिफाफ्यात होता. रूटचा एकच पासवर्ड त्या कचेरीत वेळोवेळी अनेकांनी वापरला होता. शून्य क्रमांकाने काम केले की यंत्राला फक्त शून्य दिसते. कोणाचा हात होता, ते कळत नाही. बर्कलीच्या शाखेत यावर जुना उपाय आहे : ‘व्हील’ नावाच्या गटातील सभासदांनाच सर्वाधिकारी होता येते आणि फसलेला प्रयत्न नावानिशी नोंदवला जातो. १९८०च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो शाखेत बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी ‘सुडो’ लिहिला. त्यात रूटचा पासवर्ड कोणाला सांगावाच लागत नाही, ज्याने त्याने आपलाच पासवर्ड द्यायचा आणि नेमून दिलेली आज्ञा तेवढी चालवायची. रिचर्ड स्टॉलमन यांचे मत याउलट होते. मूठभरांच्या हाती सत्ता राहू नये म्हणून त्यांनी जीएनयूच्या आज्ञेत ‘व्हील’ची अट जाणूनबुजून ठेवली नाही. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्यांचे म्हणणे मला समजू शकते. पण जिथे आळ आला की पगार अडतो, तिथे प्रत्येक कृतीपुढे करणाऱ्याचे नाव असणे ही त्या करणाऱ्याचीच ढाल असते.

नोंदी दुसऱ्या यंत्रावर पाठवण्याचीही शिफारस केली, आणि त्या दुसऱ्या यंत्राचा पासवर्ड पहिल्याच्या व्यवस्थापकाकडे नसावा अशी. ते यंत्र लेखा विभागात, त्या बाईंच्या टेबलाखाली ठेवले गेले.

नोव्हेंबर २०२३मध्ये फ्रीबीएसडीची १४वी आवृत्ती आली. तिच्यात रूटचा शेल सी शेलच्या घराण्यातला राहिला नाही. बोर्नच्या घराण्यातला साधा शेल त्याला देण्यात आला. ज्या कारणासाठी बर्कलीने टूरला जन्म दिला, ते कारण त्या दिवशी संपले. खाते मात्र काढलेले नाही. पहाटेच्या अहवालात ती दोन शून्ये अजून एकाखाली एक येतात, आणि खाली सही चार्लीची असते.